दलदलीला विचारा, पाणी कुठलं?

गेल्या अंकात मी समुद्रकिनाऱ्यालगतच्या पीट मॉसच्या दलदलींवर लिहिलं होतं. स्फॅग्नम नावाचं मॉस, त्याचे थर साचून झालेलं पीट आणि त्या पिटावर वाढणाऱ्या वनस्पती, असा तो विषय. कोण वाचणार, असं मलाच वाटलं होतं. पण पत्रं आली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. एका पत्रात माझी चूक काढली आहे. ती आधी कबूल करते.

प्रश्न : “स्फॅग्नम आपल्या मुळांनी पाणी धरून ठेवतं,” असं तुम्ही लिहिलंत. मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. ताई, मॉसला मुळं कधीपासून आली? (निवृत्त शिक्षिका)

कान पकडते, बाई. मुळं नसतातच. इतर मॉसना निदान मुळांसारखे धागे, मूलाभ, असतात. स्फॅग्नमच्या वाढलेल्या रोपाला तेही नाहीत. घाईत “पानांनी” लिहायचं ते “मुळांनी” लिहून गेले आणि तपासताना डोळ्यांखालून निसटलं.

खरी गंमत पानातच आहे. पान सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की अरुंद, हिरव्या, जिवंत पेशींची एक जाळी दिसते. त्या जाळीच्या घरांत मोठ्या, रिकाम्या, मेलेल्या पेशी बसलेल्या असतात. त्यांना बाहेर उघडणारी भोकं असतात आणि आतून बांगड्या भरल्यासारखी वळी असतात, त्यामुळे त्या कोरड्या पडल्या तरी चेपत नाहीत. पाणी साठतं ते या मेलेल्या पेशींत. कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी स्फॅग्नम सहज धरतं. विद्यार्थी असताना मी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याच्या किनाऱ्यावर दोन उन्हाळे अशा दलदलींच्या नोंदी घेत होते. तेव्हा वर्तमानपत्रावर वाळत घातलेलं ओंजळभर मॉस आठवड्याने इतकं हलकं झालं होतं, की तंबूचं दार उघडल्याबरोबर वाऱ्याने निम्मं बाहेर गेलं. नमुना क्रमांक चार. वहीत त्याच्यापुढे अजून फक्त “उडाला” असं लिहिलेलं आहे.

याच गुणामुळे पहिल्या महायुद्धात स्फॅग्नमची जखमेवर बांधायची गादी झाली. कापूस स्फोटकांसाठी लागत होता, तेव्हा एडिंबराचे शल्यविशारद चार्ल्स कॅथकार्ट यांनी मॉसचा आग्रह धरला. युद्ध संपत आलं तेव्हा ब्रिटनमधून महिन्याला सुमारे दहा लाख गाद्या जात होत्या. माणसं दलदलीत वाकून मॉस वेचायची आणि त्यातल्या काड्या-कुड्या हाताने निवडायची.

प्रश्न : एका माहितीपटात एका ओल्या जागेला ‘फेन’ म्हटलं आणि तिच्याच शेजारच्या जागेला ‘बॉग’. मला दोन्हीकडे नुसता चिखल दिसला. यात फरक काय? आपल्याकडे शब्द नाहीत का यांना?

दलदल, पाणथळ, चिखलण हे शब्द आहेत, पण त्यांत हा भेद येत नाही. म्हणून मी फेन आणि बॉग हेच शब्द वापरते. समजून घ्यायला मात्र आपल्याच शेतीचे दोन शब्द पुरतात : जिरायत आणि बागायत. फेन ही बागायती दलदल. तिला जमिनीतून पाझरून, खडक-माती धुऊन आलेलं पाणी मिळतं, म्हणजे थोडं कॅल्शियम, थोडं मॅग्नेशियम, थोडी खनिजं बरोबर येतात. बॉग सगळी जिरायत. पावसाचं, धुक्याचं जे काही वरून पडेल तेवढंच तिचं. जमिनीशी संबंधच तुटलेला, कारण मध्ये काही मीटर पिटाची गादी.

डोळ्यांनी ओळखायचं ते वनस्पतींवरून. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या फेनमध्ये लव्हाळ्याच्या कुळातले उंच केरेक्स दाटीने असतात. पाण्यातून तीन-तीन पानं वर काढणारं बॉगबीन असतं (नावात बॉग असलं तरी ते फेनमध्येच जास्त सुखी). आणि पिवळ्या झग्यातला तो स्कंक कॅबेज, ज्याचा वास आधी येतो आणि दर्शन मागून होतं. बॉगमध्ये शिरलात की ही मंडळी गळतात. उरतं स्फॅग्नम, त्याच्या गाद्यांवर पसरलेल्या क्रॅनबेरीच्या दोऱ्यासारख्या वेली, किडे पकडणारा ड्रॉसेरा, पानाच्या पाठीवर तांबूस लव असलेलं लॅब्राडोर टी, बॉग लॉरेल आणि खुरटे पाइन. जाती थोड्या, पण प्रत्येक जात उपाशी राहण्यात तरबेज. कित्येक झुडपं बारा महिने पानं झाडत नाहीत. पान बनवायला लागलेलं नत्र दरवर्षी टाकून देणं त्यांना परवडत नाही.

आता नवशिक्यांची खोड सांगते, माझीही तीच होती. स्फॅग्नम दिसलं की आपण “बॉग” म्हणून मोकळे होतो. पण मधली एक पायरी आहे, गरीब फेन. तिथे वर स्फॅग्नम असतं, पण खालून अजून उपळाचं पाणी येत असतं. ऑरेगनच्या किनाऱ्यावर लोक ज्यांना पिढ्यानपिढ्या बॉग म्हणत आले त्यातल्या बऱ्याचशा जागा काटेकोरपणे पाहिल्या तर फेनच आहेत. माझ्या पहिल्या नोंदीत मी एका जागेला ठसठशीत अक्षरांत बॉग लिहिलं. आमच्या प्राध्यापकांनी काही न बोलता मला सामूची (पीएच मोजायची; आकडा कमी तितकी आम्लता जास्त) पट्टी दिली. स्कंक कॅबेजच्या बुडाशी सहा. तिथून बारा पावलांवर स्फॅग्नमच्या उंचवट्यावर चार. दोन अंकांचा फरक म्हणजे आम्लता शंभरपट. बारा पावलांत! वही परत मागून घेतली आणि खोडलं.

फेनची बॉग होते ती पीट साचत गेल्यामुळे. पाणी भरल्या जागी प्राणवायू नाही, म्हणून मेलेलं पुरतं कुजत नाही आणि वर्षाला साधारण एक मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी, असा थर चढतो. हजारो वर्षांनी पृष्ठभाग इतका उचलला जातो की खालचं पाणी मुळांपर्यंत पोचत नाही. त्या दिवसापासून जिरायत सुरू. हे वाचायचं असेल तर अर्धगोल पन्हळीसारखा कोअरर दलदलीत खुपसून पिटाची उभी कांडी काढतात. आम्ही काढलेल्या कांडीत वर फिकट मॉस, त्याखाली केरेक्सच्या मुळांचं काळपट जाळं, मग एक लाकडाचा तुकडा आणि सगळ्यांत खाली करडी वाळू. ती वाळू बोटांत चोळली तेव्हा मला पहिल्यांदा खरं वाटलं की आपण वाळूच्या टेकड्यांमधल्या एका जुन्या तळ्यावर उभ्या आहोत.

प्रश्न : समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी गोडं? खाऱ्या वाऱ्याने हे मॉस मरत कसं नाही?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. खाऱ्या पाण्यात स्फॅग्नम टिकत नाही, हे तुमचं अगदी बरोबर. पण समुद्राजवळ असणं आणि समुद्राचं पाणी पिणं या दोन गोष्टी वेगळ्या.

वाळूच्या टेकड्यांचं उदाहरण घ्या. ऑरेगनच्या किनाऱ्यावर वर्षाला दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक हिवाळ्यात. तो वाळूत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते वाळूखाली खाऱ्यावर तरंगल्यासारखं राहतं आणि समुद्राकडे रेटा देत असतं. वारा वाळू उपसत ओल्या थरापर्यंत पोचला की तिथे खळगा होतो, खळग्यात हे गोडं पाणी दिसू लागतं. कुठे वाळूने ओढ्याचं तोंड बुजून तळं झालेलं असतं. अशा कडांवर आधी केरेक्स, मग स्फॅग्नम. उन्हाळा तिथे कोरडा, पण रोज सकाळी समुद्रावरून धुकं येतं आणि मॉस ते थेंब-थेंब टिपून घेतं. नऊ वाजेपर्यंत माझी विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली असे, आणि पाऊस म्हणाल तर एक थेंब नाही.

नदीच्या मुखाशी गोष्ट निराळी. कॅनडात फ्रेझर नदीच्या त्रिभुज प्रदेशात बर्न्स बॉग आहे. तिथे पिटाच्या तळाशी नदीने आणि भरतीने आणलेला गाळ आहे. म्हणजे सुरुवात भरतीच्या चिखलात, खाऱ्या-मचूळ पाण्यातल्या गवतांनी झाली. गाळ साचून जमीन भरतीच्या वर आली, तशी गोड्या पाण्यातली केरेक्स आली, आणि मग स्फॅग्नमने जागा उचलून नदीच्याही पाण्याबाहेर काढली. आज ती मधोमध फुगलेली बॉग आहे, आणि तिच्यावरून मासेमारीच्या बोटींचे भोंगे ऐकू येतात.

आता तुमच्या खाऱ्या वाऱ्याकडे येऊ. त्याचा परिणाम होतोच, पण मारून टाकण्याइतका नाही. तो पंगत बदलतो. किनाऱ्यावरच्या पावसात सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम आतल्या भागापेक्षा जास्त असतं. शोएनस निग्रिकान्स नावाचं काळ्या बोंडाचं एक लव्हाळं आहे. युरोपात बहुतेक ठिकाणी ते चुनखडीच्या पाण्यावरच्या फेनमध्ये सापडतं. तेच पश्चिम आयर्लंडमध्ये, अटलांटिकच्या तोंडावर, निव्वळ पावसावर जगणाऱ्या आम्ल बॉगवर खुशाल पसरलेलं असतं. समुद्राचा फवारा त्याला जमिनीतून न मिळणारं काही आकाशातून पुरवतो, असा याचा अर्थ लावला जातो. माझं बागायत-जिरायतीचं गणित इथे थोडं डळमळतं, आणि मला ते डळमळलेलं आवडतं.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाला तर याहून मोठा बदल दिसतो. तिएरा देल फुएगोच्या आतल्या, जरा आडोशाच्या भागात तांबड्या स्फॅग्नमच्या बॉग आहेत. पण जसजसं वादळी पॅसिफिक किनाऱ्याकडे जावं तसतसं स्फॅग्नम मागे पडतं आणि अस्टेलिया व डोनाशिया या फुलझाडांच्या कडक, घट्ट गिरद्या जमीन व्यापतात. पीट त्याच बनवतात. ‘बीगल’ जहाजाच्या सफरीत चार्ल्स डार्विनने हे पाहिलं आणि या दोन वनस्पतींच्या कुजण्यातूनच तिथला जाड, लवचिक पिटाचा थर होतो, असं नोंदवलं. पीट म्हणजे स्फॅग्नमच, हे समीकरण तिथे चालत नाही.

प्रश्न : मॉस स्वतः अ‍ॅसिड बनवतं का? आणि दलदलीत सापडलेली माणसं कुजत का नाहीत? (इयत्ता नववी)

बनवतं असं म्हणायला हरकत नाही, पण बाटलीतून ओतल्यासारखं नाही. स्फॅग्नमच्या पेशींच्या भिंतीत अशी आम्लं असतात जी पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम पकडतात आणि बदल्यात हायड्रोजनचे आयन सोडतात. हायड्रोजनचे आयन वाढले की पाणी आम्ल झालं. मॉसला खनिज मिळालं, शेजाऱ्यांना मिळाली आम्लता. आणि आम्लता वाढली की शेजारी मरतात, मॉसला आणखी जागा मिळते. पाहुणा म्हणून येऊन घराचा मालक होणं म्हणतात ते हेच.

माणसांचं म्हणशील तर डेन्मार्कमध्ये 1950 साली पीट काढताना टोलुंड मॅन सापडला. तो दोन हजार वर्षांपेक्षा जुना आहे, तरी लोकांना वाटलं हा ताजा खून आहे. पोलिसांना बोलावलं. थंडी, प्राणवायूचा अभाव, आम्लता आणि मॉसमधून सुटणारी द्रव्यं यांनी कातडी चामड्यासारखी कमावली गेली. त्याची हनुवटीवरची खुंटं दिसतात. हाडांवर मात्र आम्लाचा उलटा परिणाम होतो, त्यांतलं कॅल्शियम विरघळतं. बॉगमध्ये कातडी टिकते आणि हाडं मऊ पडतात. चुन्याच्या जमिनीत बरोबर उलटं. वर्गात विचारून बघ, किती जणांना हे पटतं.

आणखी एक, तू नववीत आहेस म्हणून सांगते. स्फॅग्नमच्या बीजाणूंची डबी दोनेक मिलिमीटरची असते. उन्हात ती सुकून आवळते, आतली हवा दाबली जाते आणि झाकण फट्‌दिशी उडतं. बीजाणू धुराच्या कड्यासारख्या वलयात दहा सेंटिमीटरच्या वर फेकले जातात, म्हणजे वारा असतो तिथपर्यंत. वलयाचा हा शोध 2010 सालचा. शांत दुपारी कान जमिनीजवळ नेलास तर आवाजही येतो. मी पालथी पडून ऐकला आहे, आणि तसा पालथा पडलेला माणूस पाहून एक फिरायला आलेलं कुटुंब धावत मदतीला आलं होतं.

प्रश्न : किडे खाणारी झाडं दलदलीतच का?

कारण नत्र तिथे नाही आणि ऊन आहे. किडे पकडायला पानांचे सापळे बनवणं महागडं काम. उघड्यावर भरपूर ऊन आणि पाणी असेल, आणि फक्त खताची चणचण असेल, तरच ते परवडतं. ऑरेगनमध्ये फ्लोरेन्स गावाच्या उत्तरेला रस्त्यालगत एक छोटं राखीव ठिकाण आहे, लाकडी पायवाट असलेलं. तिथे डार्लिंगटोनिया, म्हणजे फणा काढलेल्या नागासारखी वनस्पती, शेकड्यांनी उभी असते. इतर काही कलशपर्णींच्या कलशात पावसाचं पाणी साचतं. हिच्या फण्यामुळे पाऊस आत जातच नाही, आतलं पाणी ती मुळांकडून वर आणते. फण्याला पातळ, काचेसारखे ठिपके असतात. किड्याला ते बाहेर जायच्या खिडक्या वाटतात. तो धडकत राहतो, दमतो, खाली पडतो.

घरी लावू का, असं आणखी एका वाचकाने विचारलं आहे. डार्लिंगटोनियाची मुळं थंडगार, वाहत्या पाण्याची सवय असलेली. नका लावू.

प्रश्न : किनाऱ्यावरच्या एका दुर्मीळ लिलीबद्दल वाचलं. तिची जागा कुंपण घालून राखली, तरी झाडं कमी झाली म्हणे. उलट तिथे झुडपं तोडायचं काम चालतं. राखायचं आणि तोडायचंही, हे कसं?

ती पश्चिमी लिली, लिलियम ऑक्सिडेंटाले. दक्षिण ऑरेगन आणि उत्तर कॅलिफोर्निया यांच्या किनाऱ्यालगतच्या अगदी चिंचोळ्या पट्ट्यात, फेनच्या कडांवर आणि झुडपांच्या मोकळ्या जागांत ती उगवते. तांबडी, खाली मान घातलेली फुलं, गाभ्यात हिरवी-पिवळी चांदणी, हमिंगबर्ड येतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारने 1994 साली तिला धोक्यातली जात म्हणून यादीत घातलं.

तिला मोकळं आकाश लागतं. पूर्वी आगी लागायच्या, मग काही ठिकाणी गुरं चरायची, त्यामुळे झुडपं आणि शोर पाइन आवाक्यात राहायचे. कुंपण आलं, आग थांबली, गुरं गेली. झुडपं माणसाच्या डोक्यावर गेली आणि लिली अंधारात पडली. फेन ही चालती गोष्ट आहे, तिला कुंपणाने थांबवता येत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मीही चार दिवस हातकरवतीने पाइनची रोपं कापली. एक गृहस्थ तावातावाने येऊन म्हणाले, “निसर्गप्रेमी म्हणवता आणि झाडं तोडता?” मी त्यांना लिली दाखवायला नेलं. त्या तुकड्यात त्या दिवशी एकच फुललेली होती, तीही हरणाने अर्धी खाल्लेली. त्यांची समजूत पटली नसावी.

पण तोडणं हा सगळीकडचा इलाज नव्हे, आणि इथे मी जरा हट्टाने बोलते. बर्न्स बॉगमध्येही झाडं वाढली, पण कारण दुसरं. पीट उपसण्यासाठी आणि शेतीसाठी खणलेल्या चरांतून पाणी निघून गेलं, वरचा थर कोरडा पडला, म्हणून झाडांना पाय रोवता आले. तिथे तुम्ही कितीही करवती चालवा, पुढच्या पाच वर्षांत झाडं परत येतील. 2004 साली सरकारांनी दोन हजारांहून अधिक हेक्टर विकत घेऊन राखले आणि मग जे काम हाती घेतलं ते चर अडवायचं. फळ्या, माती, पिटाचे बांध. पाणी वर चढलं की पाइनची मुळं गुदमरतात आणि स्फॅग्नम आपण होऊन पसरतं.

म्हणून अशा जागी कुणी करवत घेऊन निघालं तर त्याला आधी विचारा, की उन्हाळ्याअखेर पाणी पृष्ठभागापासून किती खाली जातं. उत्तर नसेल तर एक भोकं पाडलेला पाइप जमिनीत उभा करा, वर्षभर दर पंधरवड्याला पट्टीने मोजा. करवत तोवर गंजणार नाही.